पाठमोरा

मुलगा चौदा वर्षांचा झाला, की घरात एक नवा माणूस राहायला येतो. त्याचा आवाज अनोळखी, चपला बापाच्या मापाच्या, आणि स्वभाव नेमका कुणावर गेला आहे यावर दोन्हीकडच्या आज्यांचे कधी एकमत होत नाही. कालपर्यंत पदराला धरून फिरणारा आपला जुना मुलगा कुठे गेला, हे या नव्या माणसाला विचारायचीही सोय नसते. कारण तो खोलीचे दार लावून बसलेला असतो, आणि दार उघडे असलेच तर कानांत इअरफोन असतात. त्या दोन-चार वर्षांत आईला मुलाचे दर्शन घडते ते बहुतेक पाठमोरेच.

एवढ्यावर निभावले असते तर माझी तक्रार नव्हती. पण त्या पाठीच्या पलीकडे काळीज आहे की नाही, अशी शंका मला येऊ लागली, आणि तेथून ही हकीकत सुरू होते.

मी शाळेत मराठी शिकवते. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, या गोष्टी वर्गात सांगण्यात माझा जन्म गेला. घरी मुलाला मांडीवर घेऊन 'श्यामची आई' वाचून दाखवली. आपल्या पोटी श्याम नाही तर नाही, निदान श्यामचा शेजारी तरी निपजावा, एवढी माफक इच्छा होती.

आमच्या मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दाढी केल्याशिवाय कधी कुणापुढे न आलेला, इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही न जाणारा तो माणूस; त्याला मी गळ्याशी टॉवेल बांधून चमच्याने भरवू लागले. घास ओठाच्या कडेने ओघळे, तो पुसायचा, पुन्हा चमचा न्यायचा. अर्धा-पाऊण तास लागे. मी ते मनापासून केले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो पुढचे सांगायला.

मी ताट घेऊन खोलीत गेले, की आमचे चिरंजीव तेथून उठून जात. आजोबांच्या खाटेशी बसून काही करत असले तरी माझी चाहूल लागताच उठायचे आणि बाहेर गॅलरीत, आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. ज्या आजोबांनी भर उन्हात सायकलची सीट धरून याच्यामागे धावत याला सायकल शिकवली, त्यांचे ओघळणारे तोंड याला बघवत नाही! किळस वाटते! एके दिवशी टॉवेल धरायला मी त्याला हाक मारली. "मला नको," एवढे बोलून तो गॅलरीत गेला. माझा तोल सुटला. "दगड आहेस तू, दगड!" मी ओरडले. मामंजींचा चांगला असलेला डावा हात वर झाला, दोनदा हलला आणि गादीवर पडला. त्यांनाही नातवाचे वागणे लागले असेल, असे मी समजले.

श्रावणात मामंजी गेले. आमचा मुलगा रडला नाही. दहाव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेले असताना हा जिन्याखाली आपल्या जुन्या सायकलची साखळी बसवत होता. नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले, आणि मी मान खाली घातली.

त्या वर्षी आमच्याकडे अर्थातच दिवाळी नव्हती. शेजारणींनी रिवाजाप्रमाणे फराळाचे डबे आणून दिले होते. पण सगळ्या वाड्यात दिवे आणि आपल्याच दारात अंधार, हे बघत बसण्यापेक्षा चार दिवस बाहेर जावे असे ठरले. हे म्हणाले, समुद्रावर जाऊ. मी म्हणाले, हेमलकसा. यांनी माझ्याकडे पाहिले आणि ओळखले. मुलाला दया शिकवायला मी त्याला हेमलकशाला नेत होते. जशी पूर्वी हट्टी मुलांना अंगारा घ्यायला नेत असत तशी.

नागपूरहून निघाले की चंद्रपूरच्या वाटेवर वरोरा लागते. आनंदवनाची झाडी दिसताच मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. बाबा आमटे तेव्हा वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून स्वतः मैल्याच्या पाट्या वाहत होते. एका पावसाळी संध्याकाळी परतताना गटाराच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे पडलेले दिसले. ते हलले. तो तुळशीराम होता, बोटे झडलेला, जखमांत किडे पडलेला कुष्ठरोगी. आणि कुणालाही न भिणारे बाबा तेथून पळाले! घरी गेल्यावर त्यांना आपल्या भीतीचीच लाज वाटली. ते परत आले, त्याच्यावर तट्ट्याचा आडोसा केला, पुढे त्याची सेवा केली. १९४९ साली त्यांनी स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचे मूळ त्या संध्याकाळच्या गटारापाशी आहे.

एवढे सांगून मी मागे वळून पाहिले. चिरंजीवांनी एका कानातला इअरफोन काढलेला होता.

"आई," तो म्हणाला, "बाबा पळाले, ते त्या तुळशीरामला दिसलं असेल का गं?"

ही गोष्ट मी इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना सांगितली. कुणी हे विचारले नव्हते. बाबांना काय वाटले हे मी रंगवून सांगत असे. मुले गहिवरत. गटारात पडलेल्या माणसाला पळणाऱ्या बाबांची पाठ दिसली असेल का, आणि दिसली असेल तर त्याला काय वाटले असेल, हे माझ्याही मनात आले नव्हते. "काहीतरीच विचारतोस," असे मी म्हणाले. त्याने इअरफोन पुन्हा कानात घातला.

आष्टीला वैनगंगा ओलांडली, आलापल्ली मागे पडली, आणि दोन्ही बाजूंनी जंगल जवळ आले. साग, ऐन, बांबू. गावे तुरळक होत गेली. आज मोटारीने एका दिवसात पोचता येते. पण २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा ना रस्ता होता, ना वीज. गडचिरोली हा जिल्हाही नव्हता. तो १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. शिक्षण चालू असताना बाबांनी मुलांना भामरागडच्या सहलीला आणले होते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या जेथे भेटतात तेथे बसून त्यांनी माडिया लोकांसाठी काही करण्याचा आपला मनोदय बोलून दाखवला, आणि प्रकाश म्हणाले, मी येईन. शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण सोडून ते आले, आणि भूलतज्ज्ञ असलेल्या मंदाताई त्यांच्याबरोबर आल्या. दोघे माडिया भाषा शिकले. १९७६ साली शाळा निघाली. त्यांची स्वतःची मुले, दिगंत आणि अनिकेत, त्याच शाळेत माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली. आम्ही मुलाला दया शिकवायला मोटारीत घालून साडेतीनशे किलोमीटर आणतो. त्यांनी मुलांना फक्त शेजारी बसवले. हा फरक मला त्या वेळी सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राण्यांचे अनाथालय पाहिले. बिबटे, अस्वले, तरस, साळिंदर, मगरी. त्याची सुरुवात कशी झाली, ते तेथल्या कार्यकर्त्याने सांगितले. प्रकाश आणि मंदाताई जंगलातून चालले असता शिकारीहून परतणारे काही माडिया भेटले. काठीला मेलेली माकडीण लटकलेली, आणि तिच्या छातीला तिचे जिवंत पिलू बिलगलेले. प्रकाशनी पिलू मागितले. पण त्या लोकांना त्यांनी अहिंसेचे व्याख्यान दिले नाही. शिकार केली नाही तर पोरे उपाशी राहतात, हे त्यांना दिसत होते. म्हणून त्यांनी बदल्यात तांदूळ देऊ केले. पिलाची भूक आणि शिकाऱ्याची भूक, दोन्ही एकाच नजरेत सामावणारी ही भूतदया मला फार मोठी वाटली. डोळ्यांत पाणी आले. अपेक्षेने मुलाकडे पाहिले. तो सगळ्यांच्या मागे, पिंजऱ्यापासून दूर, खिशात हात घालून उभा होता. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी होती. लोक जाळीपाशी रेटारेटी करून फोटो काढत होते.

"पुढे येऊन बघ ना," मी म्हणाले.

"बघतायत की सगळे," तो म्हणाला.

माझा विरस झाला. येथेही हा पाठमोराच.

दुपारी हे विश्रांती घेत होते आणि आम्ही दोघे दवाखान्याच्या आवाराकडे गेलो. झाडाखाली पेशंटांची माणसे बसली होती. येथे रोग्याबरोबर अवघे कुटुंब येते. चूल पेटते, भात शिजतो, लेकरे खेळतात. एका बाकावर आमच्या मुलाच्याच वयाचा एक माडिया मुलगा पायाला मोठे बँडेज बांधून बसला होता. त्याची आजी असावी, ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसलेली; वाळलेल्या खोडासारखी, हातांवर आणि कपाळावर गोंदण. पाहताच माझे काळीज हलले. पिशवीत शेजारणींचा चिवडा आणि लाडू होते. मी पुडा एका हातात घेतला, दुसऱ्या हातात मोबाइल. पुडा देता देता एक फोटो घ्यावा, वर्गातल्या मुलांना दाखवायला, एवढाच हेतू. माझ्या मनात खरोखर मायेखेरीज दुसरे काही नव्हते.

तोच आमचे चिरंजीव माझ्या आणि त्या बाकाच्या मध्ये येऊन उभे राहिले. पाठ त्यांच्याकडे, तोंड माझ्याकडे. "आई, नको ना," तो हळूच म्हणाला.

"अरे, खाऊ देतेय."

"नको. प्लीज."

मला राग आला. चारचौघांत काय बोलणार? मी पिशवी पायाशी ठेवून एका दगडावर बसले. मुलगा गेला आणि त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्या मुलाकडे त्याने पाहिले नाही, त्यानेही याच्याकडे पाहिले नाही. दोघे आपले समोर बघत राहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. हे काय चालले आहे, मला कळेना.

एवढ्यात कुठून तरी एक बकरी आली. तिने माझ्या पिशवीत तोंड घातले आणि चिवड्याचा पुडा ओढून काढला. मी समोर पाहत असल्यामुळे मला पत्ता नाही; पण बाकावरच्या दोघांना सर्व दिसत होते. त्यांनी मला सांगितले नाही. मी वळून पाहिले तेव्हा बकरी लाडवांपर्यंत पोचली होती, आणि बाकाच्या दोन टोकांना दोन मुले पोट धरून हसत होती. मी "हड हड" करीत धावले तसे ते आणखी हसले. म्हातारीही तोंडाला पदर लावून हसली. मग तो माडिया मुलगा बाकावर थोडा इकडे सरकला, आमचा थोडा तिकडे सरकला. त्याला थोडे मराठी येत होते. शाळेत शिकत असावा. पाऊण तास दोघे बोलत होते. काय, ते मी विचारले नाही आणि मला सांगितलेही गेले नाही. निघताना म्हातारी "जोहार" म्हणाली. आमच्या चिरंजीवांनीही "जोहार" म्हटले, आणि कुणी न सांगता खाली वाकले.

रात्री थंडी पडली. जेवणानंतर आम्ही मायलेक पायरीवर बसलो होतो. दोघांच्याही अंगात स्वेटर. जंगलातली थंडी नागपूरच्या थंडीहून निराळी. ती झाडांतून पावले न वाजवता येते. सकाळी ऐकलेली एक गोष्ट मला आठवली आणि मी ती त्याला सांगितली. सुरुवातीच्या दिवसांत पूर्ण कपड्यांतला माणूस दिसला की माडिया लोक भिऊन जंगलात पळत. अशाच थंडीत ते उघड्या अंगाने शेकोटीशी बसलेले, आणि आपण गरम कपड्यांत त्यांच्यासमोर उभे, हे प्रकाश आमट्यांना सोसेना. सगळ्यांना पुरतील एवढे कपडे आणणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःचेच कपडे उतरवले. अर्धी चड्डी आणि बनियन, हाच त्यांचा पुढे कायमचा वेष झाला.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग अंधाराकडे बघतच म्हणाला, "म्हणजे त्यांना कळलं, की आपण त्या लोकांना कसे दिसतो ते."

आणि थोड्या वेळाने, तसेच अंधाराकडे बघत: "आई, आजोबांना मी तिथे थांबलेलं आवडायचं नाही."

"कुठे?"

"तू भरवायचीस तेव्हा. मी असलो की ते डोळे मिटून घ्यायचे. मी गॅलरीत गेलो की उघडायचे. काचेत दिसायचं मला."

मी काही बोलू शकले नाही.

"तुझ्यासमोर त्यांना चालायचं. पण मला त्यांनी सायकल शिकवली होती ना," तो म्हणाला. जणू यात सगळे आले.

"मग मला सांगितलं का नाहीस रे?"

"त्यांच्यासमोर कसं सांगणार?"

मी विचारले, "पण मग तू त्यांच्याजवळ कधी बसलाच नाहीस का?"

"रात्री जायचो. लाईट बंद असायचे तेव्हा. अंधारात त्यांना चालायचं."

"काय करायचास?"

"काही नाही. मॅचचा स्कोअर सांगायचो."

मग तो उठला, जांभई दिली आणि झोपायला निघून गेला. पुन्हा पाठ.

मी मात्र तेथेच बसून राहिले. मामंजींचा तो डावा हात मला दिसू लागला. वर झालेला, दोनदा हललेला. तो हात नातवाबद्दल तक्रार करीत नव्हता. तो मला "नको" म्हणत होता. "त्याला बोलू नकोस" म्हणत होता. वाचा गेलेल्या माणसाने माझ्याशी बोललेले ते शेवटचे वाक्य, आणि मराठीची मास्तरीण असून मी त्याचा अर्थ उलटा लावला. मुलाची क्षमा मला मागता येईल, मी ती दुसऱ्या दिवशी मागितलीही. त्याने "ठीक आहे ना आई" म्हणून विषय संपवला. मामंजींची क्षमा मागायला आता जागा उरलेली नाही.

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला दुःखातही शब्दच आठवतात. आपल्या भाषेत दया येते, कणव दाटते, कीव करतात. सहानुभूती मात्र आपण दाखवतो. दाखवायची म्हटली की बघणारा लागतो, आणि हातात मोबाइल येतो. इंग्रजांनाही यासाठी शब्द अपुरा पडला असावा. 'एम्पथी' हा त्यांचा शब्द १९०९ साली टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका जर्मन शब्दावरून घडवला. 'आत शिरून अनुभवणे' असा काहीसा त्या मूळ शब्दाचा भाव. आपल्याकडे परकायाप्रवेश हा शब्द त्याहून कितीतरी जुना आहे. शंकराचार्य राजाच्या देहात शिरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण दुसऱ्याच्या देहात शिरल्यावर त्याच्या डोळ्यांतून पहिल्यांदा काय दिसत असेल? आपणच दिसत असू. स्वेटर घालून उभे राहिलेले आपण, पुडा पुढे करणारे आपण, चमचा घेऊन ओठांकडे टक लावून बसलेले आपण. ते दृश्य ज्याला दिसले त्याला पुढे काय करायचे ते कुणी शिकवावे लागत नाही. कुणी कपडे उतरवतो, कुणी तांदूळ देतो, कुणी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसतो आणि समोर बघतो.

यावरून मी भरवले ते चुकले, असे मला वाटत नाही. नुसते तोंड फिरवल्याने भुकेल्याचे पोट भरत नाही, आणि कुणी परत येऊन तट्ट्याचा आडोसा केल्याशिवाय तुळशीरामावरचा पाऊस थांबत नाही. हे मी मुलाला परतीच्या वाटेवर म्हणालेही. तो म्हणाला, "हो, तू भरवायलाच हवं होतं. पण टॉवेल जरा मोठा बांधला असतास तर चाललं असतं." घास ओघळतो हे मला दिसत होते, पण तो ओघळताना मामंजींना आपला सदरा मळलेला दिसतो, हे त्याला दिसत होते.

पाठ फिरवणाऱ्यांच्याही दोन जाती असतात, एवढे मला हेमलकशाने शिकवले. एकाची पाठ त्याची स्वतःची सुटका करते. दुसऱ्याची पाठ समोरच्याची लाज राखते. मागून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. आईलासुद्धा.

परत आलो त्या रात्री घरात सामसूम होती. भाऊबीजही होऊन गेली होती. वाड्यातले दिवे उतरले होते. झोपण्यापूर्वी मी एकच पणती लावली आणि मामंजींच्या खोलीत, त्यांच्या खाटेच्या जागी ठेवली. पाणी प्यायला म्हणून मध्येच उठले तर पणती खिडकीबाहेर कठड्यावर तेवत होती आणि खोलीत अंधार होता. दार लोटलेले. आतून हळू, घोगरा, अजून मला पुरता ओळखीचा न झालेला आवाज येत होता. कुणी किती धावा काढल्या, कोण कितव्या षटकात बाद झाला, आता किती हव्यात.

मी हात दाराला लावला होता. मग काढून घेतला, आणि पाणी न पिताच माझ्या खोलीत परत आले.